एक पॉइंट आठ

"काकू, काळी खिडकी उघडली का?"

"उघडली. पण खिडकी कसली, नुसता अंधार हाय."

"तेच ते. आता त्यात लिहा. जे, ए, व्ही, ए. मग एक जागा मोकळी सोडा. मग आडवी रेघ."

"बारकी का मोठी?"

"बारकी. आणि रेघेला चिकटून व्हर्जन. व्ही, ई, आर, एस, आय, ओ, एन. लिहिलं? आता एंटर दाबा."

फोनमधून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग काकूंचा आवाज. "आलं. तीन ओळी आल्या."

"पहिल्या ओळीत आकडा कुठला आहे?"

"अकरा."

मी पुण्याच्या ऑफिसात खुर्चीवरच ताठ झाले. अकरा यायला नको होता. आठ यायला हवा होता.

शालनकाकूंशी माझं पहिलं बोलणं हे असं झालं. मी तेव्हा नुकतीच त्या संस्थेत लागले होते. ज्यांची वाचा गेली आहे अशा लोकांसाठी संस्थेनं एक प्रोग्रॅम बनवला होता. पडद्यावर अक्षरं दिसायची, प्रकाशाचा चौकोन एकेका अक्षरावरून सरकत जायचा, आणि हवं ते अक्षर आलं की माणसानं बोटाखालचं बटण दाबायचं. वाक्य पूर्ण झालं की कॉम्प्युटर ते मोठ्यानं म्हणून दाखवायचा. माझं काम साधं होतं. कुणाचा प्रोग्रॅम अडला की फोनवरून तो चालू करून द्यायचा.

काकूंचे यजमान सदानंद थोरवडे. कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत त्यांना नसांचा तो आजार झाला, ज्यात एकेक स्नायू काम सोडत जातो. आधी पाय गेले, मग हात, मग आवाज. उरलं होतं उजव्या हाताचं एक बोट आणि डोळे. त्या बोटावर ते बोलत होते. आणि आता ते बोलणंही बंद पडलं होतं.

"काकू, कुणी लॅपटॉपला हात लावला होता का?"

"तृप्तीनं. माझी लेक, बंगळूरला असते. तिकडनंच बसून काय काय केलं तिनं. म्हणली, सगळं नवं करून देते."

मग उलगडा झाला. तृप्तीनं चांगल्या हेतूनं नव्यातली नवी जावा टाकली होती, आणि आमचा प्रोग्रॅम जुन्या आठवरच चालायचा. हे काकूंना कसं सांगावं मला कळेना. त्या शिवणाचे क्लास घेत होत्या एवढं संस्थेच्या फॉर्मवरून कळलं होतं. मी म्हटलं, "शिलाई मशीनला मोटर असते ना, तशी ही जावा. मशीन तेच आहे, पण मोटर दुसरी बसवली की पट्टा बसत नाही."

"मग काढू मोटर?"

"काढू."

मी एकेक पायरी सांगत गेले. कंट्रोल पॅनलमध्ये जा, प्रोग्रॅमच्या यादीत जावा शोधा, त्यावर क्लिक करा, 'काढून टाका' म्हणा, विचारलं तर 'हो' म्हणा. काकूंनी न चुकता केलं. मग आठ कुठून उतरवायची आणि कशी बसवायची ते सांगितलं. परत काळी खिडकी, परत तेच अक्षर अक्षर.

"आता काय आकडा आला?"

"एक पॉइंट आठ."

"झालं! तेच पाहिजे."

"तू तर आठ म्हणलीस."

"एक पॉइंट आठ म्हणजेच आठ, काकू."

"आणि मघाशी अकरा आलं ते अकराच?"

"हो."

"मग आठाच्या आधी एक पॉइंट कशाला?"

"तसंच लिहितात ते. का ते मलाही नीट माहीत नाही."

काकू हसल्या. मागून कॉम्प्युटरचा तो सपाट, ठोकळ्यासारखा आवाज आला, "शालन. पाणी." आणि मी समाधानानं फोन ठेवला.

त्याच आठवड्यात तृप्तीचा फोन आला. "शर्वरी, बाबांचं बोलणं परत बंद झालंय. मी काही केलेलं नाही हं, शप्पथ."

मी काकूंना फोन लावला. काळी खिडकी, तीच अक्षरं. काकूंनी इंग्रजी ओळ अडखळत वाचली. तिचा अर्थ होता की जावा नावाचं काही इथं ओळखीचं नाही. आठ नव्हतं, अकराही नव्हतं. काहीच नव्हतं.

"काकू, तुम्ही काही काढलं का?"

"मी कशाला काढू?"

बसवलेली जावा आपोआप जात नाही. मी पुन्हा बसवून घेतली. एक पॉइंट आठ. दुसऱ्या दिवशी तृप्तीचा फोन. पुन्हा गेली. मी पुन्हा बसवून घेतली. पुन्हा गेली. दर वेळी काकू निमूटपणे, एकही अक्षर न चुकता, मी सांगीन ते करत होत्या. दर वेळी आकडा बरोबर यायचा, आणि पुढच्या फोनला नाहीसा झालेला असायचा.

आमचे पलसुले सर म्हणाले, "व्हायरस असेल." मग म्हणाले, "अँटिव्हायरसच खात असेल." मग म्हणाले, "डिस्क मरायला आली असेल." तिन्ही पटण्यासारखं होतं आणि तिन्हींतलं काहीच जुळत नव्हतं. डिस्क मरते तेव्हा नेमकी एकच गोष्ट उचलून मरत नाही.

तृप्ती मात्र रडकुंडीला आली होती. "गुरुवारी संध्याकाळी डॉक्टर इनामदार घरी येणार आहेत. बाबांचा श्वास कमी पडायला लागलाय. गळ्याला छेद देऊन नळी घालायची, मशीनवर श्वास द्यायचा, असं चाललंय. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या स्वतःच्या शब्दांत काय ते ऐकायचंय मला. त्याच्या आत काहीही करून चालू कर. मला रजा मिळत नाहीये गं."

पलसुले सर म्हणाले, "जाऊन ये. समोर बसून बघ."

गुरुवारी सकाळची एसटी धरून मी कऱ्हाडला गेले.

घर पहिल्या मजल्यावर होतं. दार काकूंनी उघडलं. आवाजावरून मी त्या थोराड असतील असं धरून चालले होते. होत्या अगदी लहानखुऱ्या, आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं अशी, की कुणी काजळ पुसून टाकायला विसरलंय. त्यांनी मला पाणी दिलं, प्रवास कसा झाला विचारलं, आणि आत नेलं.

पुढच्या खोलीत पलंगावर काका होते. उशांना टेकवून बसवलेले, मान एका बाजूला आधाराला. भिंतीवर त्यांचा स्टँडवरचा फोटो होता. तोंडासमोर माइक, खांदे रुंद, मिशी भरघोस. पलंगावरचा माणूस त्याच्या निम्मा होता. डोळे मात्र तेच. लॅपटॉप त्यांच्या तोंडासमोर एका लोखंडी स्टँडवर होता.

"हो म्हणायचं असलं की डोळे वर करतात," काकू म्हणाल्या. "न्हाई म्हणायचं असलं की नुसतं बघत राहतात."

मी म्हटलं, "काका, मी शर्वरी. पुण्याहून आले. तुमचं मशीन बघते हं."

डोळे वर झाले.

मी काळी खिडकी उघडली. जावा नव्हती. मी पेन ड्राइव्हवरून बसवली, माझ्या हातानं. विचारलं, तर एक पॉइंट आठ. प्रोग्रॅम सुरू केला, तो झटकन उघडला. प्रकाशाचा चौकोन अ, आ, इ करत सरकायला लागला. काकांचं बोट हललं.

"थांब गं जरा," काकू मागून म्हणाल्या. "ह्यांचं अंग पुसायची वेळ झाली. पाणी निवतंय. तू आत जाऊन पोहे खाऊन घे, मग निवांत बोलतील."

मी स्वयंपाकघरात जाऊन पोहे खाल्ले. बाहेर बादलीचा आवाज, टॉवेल पिळल्याचा आवाज येत होता. काकूंनी हाक मारल्यावर मी बाहेर आले. काकांना धुतलेला सदरा घातला होता, पावडर लावली होती. लॅपटॉप जागच्या जागी होता. पडद्यावर अक्षरं नव्हती.

मी खिडकी उघडून विचारलं. जावा नाही.

मी तीच ओळ पुन्हा लिहिली. मग लॅपटॉप बंद करून सुरू केला आणि परत लिहिली. बघताना मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटेना. पोह्यांची चव अजून तोंडात होती, आणि तेवढ्या वेळात मी स्वतः बसवलेली, स्वतः तपासलेली गोष्ट नाहीशी झाली होती.

"काय म्हणतंय?" काकूंनी विचारलं.

"नाही म्हणतंय."

"जुनं झालं असंल मशीन," त्या म्हणाल्या आणि बादली उचलून आत गेल्या.

मी वायफाय काढलं. अँटिव्हायरस बंद केला. लॅपटॉपवर दुसऱ्या कुणाच्या नावानं खातं आहे का बघितलं, नव्हतं. पुन्हा जावा बसवली. पुन्हा एक पॉइंट आठ. या वेळी उठलेच नाही. खुर्ची ओढून पडद्याकडे टक लावून बसले. काकूंनी मध्ये काकांना चमच्यानं पेज भरवली, अर्धी वाटी भरवायला कितीतरी वेळ लागला, कारण प्रत्येक घोट त्यांना ठसका न लागता उतरायला हवा होता. पेज झाल्यावर त्यांचा डोळा लागला. जावा जागेवर होती. मी दर थोड्या वेळानं विचारत होते आणि तेच उत्तर येत होतं.

पलसुले सरांचा फोन वाजला. घरात रेंज नीट मिळेना म्हणून मी गच्चीत गेले.

"काय सांगतंय?" सर म्हणाले.

"आत्ता एक पॉइंट आठ सांगतंय. मघाशी काहीच सांगत नव्हतं. त्याआधी एक पॉइंट आठ."

"असं कसं होईल?"

"मला काय माहीत सर! मी समोर बसले की असते, उठले की जाते."

बोलता बोलता माझं वाक्य मलाच ऐकू आलं. मी फोन कानाला तसाच ठेवून खाली आले. काका जागे होते. काकू खोलीत नव्हत्या. पडद्यावर अक्षरं नव्हती.

मी फोन बंद केला आणि पलंगाशी गेले. कॉम्प्युटरला विचारून उपयोग नव्हता हे आता कळलं होतं.

"काका, मी वर गेले तेव्हा इथं लॅपटॉपशी कुणी बसलं होतं का?"

डोळे वर झाले.

घरात तिघंच होतो.

"काकू?"

त्यांनी डोळे वर केले नाहीत. बघतही राहिले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले.

याचा अर्थ काय घ्यायचा? हो नव्हतं, नाही नव्हतं. मी वाकून पुन्हा विचारणार होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"त्यांना कशाला विचारतीस? मला विचार की."

काकू दारात उभ्या होत्या. हातात काकांची घडी केलेली चादर होती.

"मीच काढलं," त्या म्हणाल्या. "दर वेळी मीच काढलं. तूच शिकवलंस न्हवं का, मोटर कशी काढायची."

त्यांनी चादर पलंगाच्या पायथ्याशी ठेवली आणि मला खुणेनंच आत बोलावलं.

स्वयंपाकघरात त्यांनी दार लोटून घेतलं. मला पाटावर बसवलं, स्वतः ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"पहिल्यांदा तू चालू करून दिलंस ना, त्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. मग दुसरं वाक्य लिहायला लागले. मी बघत बसले. मला वाटलं, तृप्तीबद्दल काहीतरी असंल. तर मशीन म्हणलं, नळी नको."

"गळ्यातली?"

"व्हय. नळी नको. दोन शब्द. आणि मग बघत राहिले माझ्याकडं." काकूंनी पदर बोटाला गुंडाळला. "नळी घातली न्हाई तर काय होतंय ते डॉक्टरांनी सांगितलंय मला. मी काय अडाणी न्हाई."

"पण काकू, डॉक्टर त्यांना विचारणारच. डोळ्यांनी सांगतीलच ते."

"डोळ्यांनी सांगतात, पण कुणी विचारलं तर. मी विचारतच न्हाई. आणि डॉक्टर म्हणलेत, त्यांच्या शब्दांत ऐकायचंय. शब्दच न्हाई आले तर घरच्यांना विचारतील. मी हो म्हणणार." त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "अगं, तीस वर्षं हा माणूस माइकवरून बोलला. स्टँडमागंच घर आमचं, मी माझ्या क्लासमध्ये बसून ऐकायची. चिपळूणची गाडी पुकारली की भात लावायची, साताऱ्याची पुकारली की पोरीची वेणी घालायची. तो त्यांचा आवाज. आणि हे ठोकळ्यागत बोलतंय ते कोण? ते मशीन म्हणतं नळी नको. मी का ऐकू त्याचं?"

"पण अक्षरं त्यांनीच निवडली ना, काकू."

नळ थेंब थेंब गळत होता. त्यांनी तो घट्ट केला.

"आज संध्याकाळपुरतं राहू दे," त्या हळू म्हणाल्या. "डॉक्टर जाऊ दे. मग घाल. मी परत हात लावणार न्हाई, देवाची आण. तृप्तीला सांग, डिस्क का काय ते गेलंय."

माझ्या हातात फोन होता आणि त्यावर तृप्तीचे तीन निरोप येऊन पडले होते. झालं का? झालं का गं? डॉक्टर निघालेत.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. मला शिकवलं होतं ते एवढंच, की बंद पडलेली गोष्ट चालू करायची. ती कुणाची, कुणासाठी, कुणाच्या विरुद्ध, हे कुणी सांगितलं नव्हतं. ही बाई खोटं बोलत होती आणि तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं खोटी नव्हती. बाहेरच्या खोलीत पडून असलेल्या माणसाला मरायचं होतं का? की नुसतं 'नको' म्हणायचं होतं? दोन शब्दांतून मला काय कळणार? मी उठले आणि काहीच न ठरवता बाहेर आले.

काकांनी डोळे उघडले होते. ते माझी वाट बघत होते असं मला वाटलं.

"काका, मला सगळं कळलं," मी म्हटलं. "मी परत बसवू का?"

ते नुसते बघत राहिले. डोळे वर झाले नाहीत.

म्हणजे नाही. मी बुचकळ्यात पडले. बोलायचं नाही यांना? मग सकाळी बोट का हललं? मी पुन्हा विचारलं, "बसवू नको?"

तरीही बघतच राहिले. तेही नाही.

बसवूही नको आणि न बसवूही नको. मी डोकं धरून खुर्चीवर बसले. त्यांची नजर माझ्यावरून सरकली आणि स्वयंपाकघराच्या लोटलेल्या दारावर जाऊन थांबली. परत माझ्यावर आली. परत दारावर गेली.

"काकूंना बोलावून, त्यांच्यासमोर बसवू का?"

डोळे वर झाले. इतके वर, की खालचं पांढरं दिसलं.

मी दार उघडून म्हटलं, "काकू, ते तुम्हाला बोलावताहेत."

"कोण बोलवतंय?"

"काका. तुमच्यासमोर बसव म्हणताहेत."

काकू चौकटीपर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या. एक हात चौकटीवर. मी पेन ड्राइव्ह लावला. मनात आलं, त्या धावत येऊन हिसकावून घेतील. त्या हलल्या नाहीत. जावा बसेपर्यंतची ती हिरवी पट्टी भरायला एरवी फारसा वेळ लागत नाही. त्या दिवशी ती मुंगीच्या पावलानं सरकत होती. मी काळी खिडकी उघडून विचारलं. आकडा आला. मी तो मोठ्यानं वाचलाही नाही.

अक्षरं उजळली. चौकोन सरकायला लागला. काकांचं बोट हललं, एक अक्षर बसलं. परत फेरी. परत बोट. काकू चौकटीतून पडद्याकडे बघत होत्या, ओठ घट्ट मिटलेले. त्या 'न'ची वाट बघत होत्या, हे मला कळत होतं. मीही बघत होते.

पण 'न' आला नाही. मशीन म्हणालं, "शालन. बस."

काकू बसल्या नाहीत.

बोट पुन्हा हललं. पुन्हा फेऱ्या. एकदा हवं ते अक्षर निसटलं, आणि चौकोन सगळी बाराखडी फिरून परत येईपर्यंत आम्ही तिघं थांबून राहिलो. मग तो सपाट आवाज आला.

"भांड."

"काय?" काकू म्हणाल्या.

"माझ्याशी भांड."

काकू बघत राहिल्या. मग तीन ढांगांत पलंगाशी आल्या आणि माझ्या खुर्चीला धक्का देऊन मला उठवलं, स्वतः बसल्या.

"भांडू? बरं. भांडते. का नको नळी? एवढं तरी सांगा मला. का नको?"

चौकोन फिरत होता. काकूंचा पाय जमिनीवर हलत होता.

"तू झोपत नाहीस."

"मी झोपत न्हाई ते माझं मी बघीन!"

फेरी. फेरी. "नळी आली की अजिबात नाही झोपणार."

"मग तुम्ही गेल्यावर झोपू? लागंल मला झोप? बोला की! अगं बाई, हे बघ, मी बोलून मोकळी झाले आणि हे अजून 'त'वरच."

मला हसू आलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. निघून जावं की थांबावं कळत नव्हतं. काकू तावातावानं बोलायच्या, आणि मग उत्तर येईपर्यंत त्यांना बसावं लागायचं. तेवढ्या वेळात राग उतरायचा, त्या काकांच्या कपाळावरचा घाम पुसायच्या, उशी सारखी करायच्या, आणि वाक्य ऐकलं की पुन्हा पेटायच्या.

"तृप्तीचं काय? तिला काय सांगू?"

"मी सांगीन."

"नातवंडं बघायची न्हाईत?"

"बघायची आहेत."

"मग?"

या वेळी फेऱ्या फार चालल्या. बोट दमलं होतं. मध्ये थांबायचं, पुन्हा हलायचं.

"इतके दिवस मला काही विचारलं नाहीस."

काकूंनी चादरीचं टोक ओढलं. खाली बघितलं. म्हणाल्या, "भ्या वाटत होतं."

चौकोन सरकला. दोनच शब्द होते, तरी त्यांना वेळ लागला.

"मला पण."

दाराची बेल वाजली. मीच उघडलं. डॉक्टर इनामदार होते, घामेजलेले, हातात बॅग. आत येऊन त्यांनी एकदा काकूंकडे बघितलं, एकदा पडद्याकडे. "वा, बोलताहेत की! मग, काय ठरलं सदानंदराव?"

काकूंनी मान न वळवता हात वर केला.

"थांबा डॉक्टर. त्यांचं वाक्य पुरं व्हायचंय."

डॉक्टर बॅग मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले. मी आत जाऊन चहा टाकला. ते वाक्य, आणि त्यानंतरची आणखी बरीच, पुरी होईपर्यंत बाहेर अंधारायला लागलं होतं. डॉक्टरांनी दोनदा घरी फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं.

शेवटी असं ठरलं. गळ्याला नळी नाही. झोपताना तोंडावर मुखवट्यासारखं बसतं ते श्वासाचं मशीन लावायचं. त्यासाठी बाई ठेवायची, ती जागेल, आणि काकूंनी आतल्या खोलीत झोपायचं. दार उघडं ठेवून, ही काकूंची अट. मुखवटा पुरेनासा झाला की पुढं काही करायचं नाही, ही काकांची. त्या अटीवर काकू हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत.

मी शेवटच्या गाडीनं परत आले. पलसुले सरांनी विचारलं, काय झालं होतं. मी म्हटलं, चुकून कुणीतरी काढत होतं. ते म्हणाले, मी म्हणत होतोच.

काका पुढच्या वर्षीचे गणपती बघून गेले. आधी तृप्तीला मुलगी झाली होती, तिला छातीवर ठेवून त्यांनी नाव सुचवलं होतं. ते नाव काही ठेवलं नाही कुणी, पण त्यावरूनही घरात भांडण झालं म्हणे. मग एका दुपारी छातीत कफ भरला आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं.

हे सगळं मला काकूंनीच सांगितलं, फोनवर, दिवसवार झाल्यानंतर. म्हणाल्या, तिथला डॉक्टर नवीन होता. त्यानं कागद पुढं केला आणि विचारलं, "नळी घालू का? वेळ नाही, लवकर सांगा."

"मग?"

"मी म्हणलं, न्हाई. त्यांनी सांगितलंय न्हाई म्हणून." फोनवर त्यांचा श्वास ऐकू येत होता. "तोंडातून निघालं गं माझ्या. बरोबर केलं का मी?"

मी म्हटलं, "काकू, तुम्ही एकट्या आहात का घरी?"

"एकटी कुठली! तृप्ती हाय, तिची बारकी सारखी रडतीय, शेजारणी येतात, क्लासच्या बायका येतात. बोलायला माणसं मायंदाळ हायत." मागून कुकरची शिट्टी ऐकू आली. "पण भांडायला कुणी न्हाई बघ."